आडनाव, कुलचिन्ह आणि देवक

गतवर्षी माघ मासात आमचे तीर्थरूप एका सभासद कुटुंबाच्या वास्तुशांतीस गेले असता आम्हीही साहाय्यास त्यांच्यासमवेत होतो. प्रवेशद्वाराशी एक नवी तसबीर टांगलेली दिसली. तीत एक ढाल, ढालीवर उभा सिंह आणि खाली रोमन लिपीत त्या घराचे आडनाव होते. चिरंजीवांनी ती परदेशातील एका दुकानातून आणलेली होती. "गुरुजी, हे आमच्या आडनावाचे कुलचिन्ह," असे ते मोठ्या कौतुकाने म्हणाले. पुढे संकल्पाच्या वेळी तीर्थरूपांनी गोत्र व कुलदेवता विचारली, तेव्हा यजमान पत्नीकडे पाहू लागले आणि पत्नी सासूबाईंकडे. सासूबाईंचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "मामंजींना सारे मुखोद्गत होते हो, आम्हीच कधी विचारले नाही." गोत्र अज्ञात असल्यास काश्यप गोत्र उच्चारण्याचा प्रघात आहे. त्यास अनुसरून कार्य पार पडले. परंतु परतताना वाटेत तीर्थरूप एक शब्दही बोलले नाहीत.

आडनाव, कुलचिन्ह आणि कुलाचार यांचा परस्परसंबंध काय, याचा थोडा अभ्यास आम्हांस त्या दिवसापासून करावासा वाटला. तो येथे सादर करीत आहोत.

ढालीवरील चिन्ह

इंग्रजीत ज्यास 'कोट ऑफ आर्म्स' म्हणतात, त्याचा उगम बाराव्या शतकातील युरोपात झाला. चिलखत व शिरस्त्राण यांमुळे योद्ध्याचा चेहरा झाकला जाई. तो ओळखू यावा म्हणून ढालीवर आणि चिलखतावरील अंगरख्यावर चिन्ह रंगवीत. त्या अंगरख्यावरूनच हे नाव पडले. पुढे ही चिन्हे वंशपरंपरेने चालू लागली आणि त्यांची नोंद ठेवण्यासाठी इंग्लंडात 1484 साली एक राजमान्य संस्था स्थापन झाली. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, तेथील नियमाप्रमाणे असे चिन्ह एका व्यक्तीस व तिच्या वंशजांस मिळते, आडनावास नव्हे. एकाच आडनावाच्या दोन असंबद्ध घराण्यांस एकच चिन्ह लावण्याचा अधिकार नाही. मग 'आडनावाचे चिन्ह' म्हणून जे विकले जाते, ते बहुधा दुकानदाराच्या कल्पनेचेच फळ होय.

आपल्याकडे तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट आहे. देशपांडे, कुलकर्णी, देशमुख, पाटील ही मुळात वतनाची नावे. देशपांडे ऋग्वेदी आहेत, यजुर्वेदी आहेत, तसेच कायस्थ प्रभूही आहेत. त्यांची गोत्रे व कुलदैवते भिन्न. गावावरून पडलेल्या 'कर'प्रत्ययान्त आडनावांचेही तसेच. एका गावातून निघालेली अनेक कुळे एकच आडनाव लावतात.

आपली परंपरा

तथापि चिन्हांची परंपरा आपणांस परकी नाही. रामायणात भरत सैन्यासह चित्रकूटास येतो, तेव्हा लक्ष्मण त्यास कोविदार वृक्षाच्या ध्वजावरून ओळखतो. अर्जुन कपिध्वज, श्रीकृष्ण गरुडध्वज, श्रीशंकर वृषभध्वज. बदामीच्या चालुक्यांचे चिन्ह वराह, तर देवगिरीच्या यादवांचे गरुड.

आपल्या हैदराबादचे उदाहरण तर मोठे मनोरंजक आहे. आसफजाही ध्वज पिवळा असून त्याच्या मध्यभागी एक वर्तुळ असे. ते वर्तुळ म्हणजे कुलचा, अर्थात रोटी, असे सांगतात. पहिल्या निजामास औरंगाबादचे साधू हजरत निजामुद्दीन यांनी पिवळ्या वस्त्रात बांधलेले कुलचे खाऊ घातले. त्याने सात खाल्ले, म्हणून सात पिढ्या राज्य चालेल असा आशीर्वाद मिळाला, अशी आख्यायिका आहे. 1724 पासून 1948 पर्यंत निजाम म्हणून सातच गणले गेले. आख्यायिका खरी असो वा नसो, राजचिन्हात सिंह वा खड्ग न ठेवता खाल्लेल्या अन्नाची आठवण ठेवावी, हे मननीय आहे.

1877 च्या दिल्ली दरबारात इंग्रज सरकारने संस्थानिकांना रेशमी ध्वज दिले. त्यांवरील पाश्चात्य पद्धतीची चिन्हे रॉबर्ट टेलर नामक अधिकाऱ्याने आखली. म्हणजे संस्थानांच्या कित्येक ढाली त्या काळच्याच, प्राचीन नव्हेत.

याहून जुन्या आहेत त्या गावगाड्यातील निशाण्या. मराठेशाहीतील महजरांवर साक्ष घालताना पाटील नांगराची निशाणी करी, सुतार किंकऱ्याची, न्हावी आरशाची. ज्या हत्याराने घर चालते, तेच त्या घराचे चिन्ह! यात लाज नव्हती आणि डौलही नव्हता.

देवक

परंतु आपल्या समाजातील खरे कुलचिन्ह देवक होय. मराठा, कुणबी इत्यादी अनेक समाजांत प्रत्येक कुळाचे देवक ठरलेले असते. कोठे कळंब, कोठे पंचपल्लव, कोठे मोराचे पीस. ब्राह्मणांकडील देवकप्रतिष्ठेत मातृका व मंडपदेवता यांचे पूजन होते. ज्यांचे देवक वृक्ष आहे ते त्या वृक्षावर कुऱ्हाड घालीत नाहीत. समान देवकाची घरे परस्परांस भाऊबंद मानतात व त्यांच्यात सोयरीक होत नाही. ढालीवरील चिन्ह समोरच्यास सांगते की, 'मी कोण आहे'. देवक आपणांस सांगते की, 'तू कसा वाग'. म्हणून पहिले भिंतीवर टांगता येते, दुसरे पाळावे लागते.

आपले कर्तव्य

1956 साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून वेगळा झाला आणि येथे राहिलेल्या अनेक घरांचे मूळ गावाशी येणेजाणे हळूहळू क्षीण झाले. कुळाची माहिती वृद्धांच्या मुखी राहिली व त्यांच्यासमवेत जाऊ लागली. प्रत्येक कुटुंबाने एका वहीत पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात: मूळ गाव, आडनाव कशावरून पडले, गोत्र, कुलदेवता व तिचे स्थान, देवक, कुलाचाराचे दिवस, आणि पाच पिढ्यांची नावे. त्यांत स्त्रियांची माहेरची नावेही असावीत. घरी सांगणारे कोणी नसल्यास नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या पाहाव्यात.

उपरोक्त यजमान चैत्रात नाशिकला गेले. तेथील वहीत त्यांच्या पणजोबांचा मोडी लेख सापडला, त्यात गाव व गोत्र होते. गावच्या एका वृद्ध भाऊबंदाने कुलदेवता माहूरची रेणुका असल्याचे सांगितले. नवरात्रात त्यांच्या घरी आम्ही गेलो, तेव्हा सिंहाची ढाल भिंतीवर होतीच. सासूबाईंनी मात्र नातवाकडून एक कागद लिहवून देवघरात ठेवला होता. या वेळी संकल्पात तीर्थरूपांना थांबावे लागले नाही. गोत्र त्या नातवानेच सांगितले.