गेममधले किती वाजले?

मित्रांनो, गेममध्ये वेळ असते पण घड्याळ नसतं. असतो तो फक्त एक आकडा, जो ठराविक गतीने एक-एकने वाढत राहतो. या एका पावलाला 'टिक' म्हणतात. टिकवरून "किती वाजले?" हे सांगणारं छोटंसं फंक्शन कसं लिहायचं ते आज पाहू. उदाहरण मी सगळ्यांच्या ओळखीचं घेतो : माइनक्राफ्ट.

आधी हिशेब. माइनक्राफ्टमध्ये सेकंदाला २० टिक होतात. तिथला पूर्ण दिवस २४,००० टिकचा, म्हणजे आपले १,२०० सेकंद, बरोब्बर २० मिनिटं. तिथला एक तास १,००० टिकचा, म्हणजे आपले ५० सेकंद. थोडक्यात, तिथला काळ ७२ पट वेगाने पळतो. यात एक गोम आहे. शून्य टिकला मध्यरात्र नसते, सकाळचे सहा वाजलेले असतात.

आता फंक्शन. भाषा कुठलीही वापरा, पायऱ्या याच :

१) टिकला १००० ने भागा, अपूर्णांक सोडून द्या. त्यात ६ मिळवा. बेरजेला २४ ने भागून जी बाकी उरेल ते तास.
२) टिकला १००० ने भागून उरलेली बाकी घ्या. तिला आधी ६० ने गुणा, मग १००० ने भागा. अपूर्णांक सोडला की मिनिटं.

समजा टिक १३,७५०. भागाकार १३, अधिक ६ म्हणजे १९. बाकी ७५० गुणिले ६०, भागिले १०००, म्हणजे ४५. उत्तर १९:४५, पावणेआठ! दुसऱ्या पायरीत क्रम उलटा केलात तर? पूर्णांक भागाकारात ७५० भागिले १००० म्हणजे शून्य. मग मिनिटकाटा कायम शून्यावरच.

फंक्शन झालं की कडेचे आकडे घालून बघा. ० ला ६:००, १८,००० ला ०:००, २३,९९९ ला ५:५९ आणि २४,००० ला पुन्हा ६:०० यायला हवेत. हे चार जमले की निम्मी काळजी मिटली.

आता तुम्ही म्हणाल, एवढी पूर्णांकाची कटकट कशाला? दर टिकला ०.०५ सेकंद मिळवत गेलो की झालं! इथेच खरा धडा आहे. ०.०५ काय किंवा ०.१ काय, बायनरीत नेमके लिहिताच येत नाहीत. दहा वेळा ०.१ एकामागून एक मिळवून पाहा, १ ऐवजी ०.९९९९... असं काहीतरी येतं. गेममध्ये हे खपून जातं, बाहेर खपत नाही. आखाती युद्धात पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा सेकंदाचे दहावे भाग मोजायची आणि २४ बिटांत कापलेल्या ०.१ ने गुणून त्यांचे सेकंद करायची. सुमारे १०० तास सलग चालल्यावर फरक ०.३४ सेकंदांपर्यंत गेला. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियात धाहरान इथे तिला येणारं स्कड अडवता आलं नाही आणि २८ अमेरिकन सैनिक मेले. म्हणून साठवायचे ते पूर्ण टिक, आणि सेकंद हवे असतील तेव्हाच शेवटी एकदा २० ने भागायचं.

आणखी दोन गोष्टी. व्हेरिएबलचं नाव नुसतं 'वेळ' ठेवू नका, 'वेळ_टिक' किंवा 'वेळ_सेकंद' ठेवा. माइनक्राफ्टमध्येच रेडस्टोनचा एक टिक म्हणजे गेमचे दोन टिक. नावात एकक नसेल तर उत्तर दुप्पट नाहीतर निम्मं येणार. दुसरं, मशीन दमलं की सेकंदाला २० टिक होत नाहीत. गेममधले किती वाजले ते टिक सांगतील, पण तुम्ही किती वेळ खेळलात हे सिस्टिमच्या घड्याळालाच विचारा.

जाता जाता गृहपाठ : १९९३ च्या डूममध्ये सेकंदाला ३५ टिक आहेत. मिनिटं-सेकंद दिल्यावर टिक देणारं आणि टिकवरून उलट येणारं अशी दोन फंक्शन्स लिहा. ३ मिनिटांचे ६,३०० आले आणि ६,३०० वरून परत ३ मिनिटंच आली, तर तुम्ही पास!