गाडीतले सामान खांद्यावरही निघावे

प्रश्न : आम्ही मावळात डोंगरपायथ्याशी राहतो. वादळाआधी घर सोडावे लागले तर गाडीत काय भरावे?

उत्तर : गाडी मध्येच सोडावी लागेल, असे धरून भरा. समुद्र लांब आहे हा दिलासा खरा नाही. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने घाट ओलांडून मावळातही झाडे, विजेचे खांब आणि पॉलिहाउस पाडले. झाड आडवे पडले की पुढची वाट पायी. म्हणून पाणी, रोजची औषधे, टॉर्च, चिक्की-फुटाणे आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रे एका पाठपिशवीत ठेवा. कोयता, दोरखंड, ताडपत्री डिकीत.

‘द्रुतगती मार्ग जवळच आहे, वाटेत सगळे मिळेल,’ असे कोणी म्हणेल. पण वीज गेली की पेट्रोलपंप, एटीएम, मोबाइलचे मनोरे यांचा भरवसा नसतो. टाकी आदल्या दिवशीच भरा, सुट्ट्या नोटा जवळ ठेवा. घाट उतरून खोपोलीकडे तर जाऊच नका; जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून माणसे दगावली होती. वडगाव-तळेगावच्या बाजूला, उजेड असतानाच निघा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक कागदावर लिहून पिशवीत ठेवा.