अजून काहीच न ठरलेली पेशी

शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच सगळी जनुकं असतात, हे वाक्य बारावीला आपण सगळेच पाठ करतो. पाठ झालं की त्यातलं कोडं मात्र दिसेनासं होतं. डोळ्यात आणि यकृतात जर तीच वीस हजारांच्या आसपास जनुकं आहेत, तर डोळ्याचं यकृत का होत नाही? कारण प्रत्येक पेशी त्यातली काहीच वापरते, बाकीची मिटून ठेवते. कुठली वापरायची हे ठरवणारी जनुकंही त्याच संचात असतात. त्यांच्यापासून बनणारी प्रथिनं डीएनएवर ठरावीक जागी बसतात आणि दुसरी जनुकं चालू किंवा बंद करतात. यांना जनुक नियामक म्हणायचं.

आपलं मंडळ साहित्याचं, तेव्हा सुरुवात एका शब्दापासून करते. भ्रूणातल्या मूलपेशीला मराठी पुस्तकं 'बहुक्षम' म्हणतात. 'सर्वक्षम' वेगळी. फलित बीजांड सर्वक्षम, त्यातून बाळही होतं आणि वारही. साधारण पाचव्या दिवशी भ्रूण म्हणजे एक पोकळ गोळी असते. बाहेरच्या थरातून पुढे वार बनते, आणि आतल्या बाजूला चिकटलेल्या छोट्या पुंजक्यातून सगळं शरीर. या पुंजक्यातली पेशी बहुक्षम. शब्द चांगला आहे, पण 'क्षम' म्हटलं की ती क्षमता पेशीच्या अंगचीच आहे असं वाटतं, जशी सोन्याची झळाळी. तसं नाहीये. गर्भात ही अवस्था काही दिवसच असते. प्रयोगशाळेत ती टिकते, पण तिला सतत टिकवावं लागतं.

उंदराच्या अशा पेशी १९८१ साली वेगळ्या काढल्या गेल्या, केंब्रिजला मार्टिन एव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी आणि त्याच वर्षी अमेरिकेत गेल मार्टिन यांनी. मानवी पेशी १९९८ साली जेम्स थॉमसन यांनी विस्कॉन्सिनमध्ये काढल्या. मग प्रश्न आला, की या पेशींना 'न ठरलेलं' ठेवतं कोण?

पहिलं नाव ऑक्ट-४. हितोशी निवा आणि सहकाऱ्यांनी २००० साली उंदराच्या मूलपेशींत या नियामकाचं प्रमाण मुद्दाम कमी-जास्त करून पाहिलं. निम्म्याच्याही खाली आणलं तर पेशी वारेच्या वाटेला लागल्या. वाढवलं, तेही दुपटीपेक्षा कमीच, तर त्या दुसऱ्याच थरांच्या पेशी व्हायला लागल्या. आमटीतल्या मिठासारखं आहे हे. वर्गात 'जनुक चालू, जनुक बंद' असं दिव्याच्या बटणासारखं सांगितलं जातं, मीही सांगते, पण इथे प्रश्न किती हा आहे.

ऑक्ट-४ एकटं नसतं. सॉक्स-२ त्याच्या जोडीने डीएनएवर बसतं. तिसरं नॅनॉग. ते २००३ साली एडिंबरोच्या इयन चेंबर्स, ऑस्टिन स्मिथ यांच्या गटाला आणि त्याच सुमारास जपानमध्ये शिन्या यामानाकांच्या गटाला सापडलं. एडिंबरोकरांनी नाव घेतलं आयरिश दंतकथेतल्या 'तीर ना नोग' या चिरतरुणांच्या देशावरून. शास्त्रज्ञांची बारशी एरवी रुक्ष असतात, हे मात्र जमलंय.

मानवी पेशींत हे तिघे कुठे कुठे बसतात ते रिचर्ड यंग यांच्या गटाने २००५ साली तपासलं. किमान ३५३ जनुकांजवळ तिघेही एकत्र सापडले. त्यात त्यांची स्वतःची जनुकंही होती. म्हणजे प्रत्येक जण स्वतःलाही चालू ठेवतो आणि इतर दोघांनाही. तीन दगडांची चूलच. (उपमा पूर्ण बसत नाही. नॅनॉगचा दगड काढला तरी उंदराच्या मूलपेशी तग धरतात, फक्त लवकर ढळतात.) त्या ३५३ मधली काही जनुकं चालू होती आणि काही मिटलेली, आणि मला ही मिटलेलीच जास्त महत्त्वाची वाटतात. मेंदू, स्नायू, हृदय घडवणारी जनुकं तिथे दाबून धरलेली असतात. पुढच्याच वर्षी दिसलं, की अशा बऱ्याच जनुकांच्या वेष्टनावर 'थांब' आणि 'चालू हो' अशा दोन्ही रासायनिक खुणा एकाच वेळी असतात. पेशी काहीही होऊ शकते, कारण काय काय व्हायचं ते सगळं तिने तयारीत धरून ठेवलेलं असतं.

आता वादाकडे येऊ. मानवी पेशी ज्या भ्रूणांतून घेतल्या, ते वंध्यत्वावरच्या उपचारांत उरलेले आणि जोडप्यांनी दान केलेले होते. पेशी काढताना भ्रूण नष्ट होतो. कॅथलिक चर्चची भूमिका १९८७ च्या 'दोनुम व्हिते'मध्ये स्पष्ट आहे: गर्भधारणेच्या क्षणापासून त्या जिवाला व्यक्तीचाच मान द्यायचा. आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना चौदा दिवसांपलीकडे मानवी भ्रूण प्रयोगशाळेत वाढवू देत नाहीत. दोन रेषा, दोन ठिकाणी.

२००६ साली यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशींत २४ निवडक जनुकं घातली. काही पेशी मूलपेशींसारख्या वागू लागल्या. मग एकेक जनुक वगळत गेले. उरली चार: ऑक्ट-३/४ (वर सांगितलेलं ऑक्ट-४ ते हेच), सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक. नॅनॉग त्यात नव्हतं! बाहेरून घातलेल्या चौघांनी पेशीची स्वतःची चूल पेटवली, की नॅनॉग आतूनच चालू होतं. पुढच्या वर्षी माणसाच्या पेशींतही हे जमलं, आणि २०१२ साली यामानाकांना जॉन गर्डन यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

'मग मॅडम, भ्रूणाचा वाद मिटला ना?' हे मला दरवर्षी विचारलं जातं. भ्रूण न मोडता बहुक्षम पेशी मिळते, हे खरंच मोठं आहे. पण ती २४ नावं निवडता आली ती भ्रूणीय मूलपेशींच्या अभ्यासामुळेच, आणि नव्या पेशी चांगल्या उतरल्या की नाही हे ठरवायला कसोटीही त्याच पेशींची. ज्याला भ्रूण मोडणं मान्य नाही, त्याने यामानाकांच्या पद्धतीचा लाभ घ्यावा का, हा प्रश्न उरतोच. माझं उत्तर 'घ्यावा' असं आहे, पण तो वाद आधी कुठून आला हे विसरून नको. तुमचं वेगळं असेल तर मंडळाच्या बैठकीत बोलू.

शिवाय सी-मिक हे कर्करोगाशी जोडलेलं जनुक आहे. अशा पेशींपासून वाढवलेल्या उंदरांत गाठी झाल्याचं दिसलं. म्हणून 'मूलपेशींनी गुडघा बरा' असल्या जाहिराती पाहिल्या की मला धडकी भरते. आपल्या देशात २०१७ साली मूलपेशींचे मान्य उपचार रक्ताच्या ठरावीक आजारांपुरतेच होते. बाकी सगळं रीतसर चाचणीतच व्हायला हवं.

रीतसर म्हणजे कसं, ते जपानात दिसलं. २०१४ साली कोबे इथे मासायो ताकाहाशी यांच्या गटाने एका वृद्ध बाईंच्या डोळ्यात त्यांच्याच त्वचेपासून बनवलेल्या पडद्याच्या पेशी बसवल्या. दुसऱ्या रुग्णाच्याही पेशी तयार होत्या. तपासताना त्यांत जनुकीय बदल आढळले, आणि ती शस्त्रक्रिया झाली नाही.