देहाची नेमाने राखण

पूर्वी आपण गावोगाव पायी जात असू. आता दारी मोटारसायकल उभी असते. चालणे सुटले, परंतु चहातील साखर सुटली नाही. म्हणून मधुमेहाने खेड्यांतही घर केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या सूचनेप्रमाणे प्रौढांनी आठवड्यास निदान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, झपझप चालावे.

तथापि एकदम मोठा निश्चय करू नये. तो लवकर मोडतो. प्रथम सकाळची गुरे सोडल्यावर दहाच मिनिटे चालावे. रोजच्या कामास जोडलेला नेम टिकतो. पानात भाकरी, डाळ, पालेभाजी असावी. लोणचे-पापड बेताने घ्यावे. एखादा दिवस चुकल्यास खिन्न न होता दुसऱ्या दिवशी पुन्हा निघावे.