टोपण लावताना

रात्रीचे साडेआठ वाजले होते. राइट टाउनमधल्या माझ्या दवाखान्यात शेवटचा पेशंट. अक्कलदाढ निघाली होती, टाके पडले होते. गृहस्थांना गोळ्या समजावून सांगत मी सुईला टोपण लावत होतो. डाव्या हातात टोपण, उजव्यात सिरिंज, नजर त्यांच्याकडे. सुई टोपणाऐवजी तर्जनीत गेली. ग्लोव्हच्या आत लाल ठिपका पसरला.

बावीस वर्षं असंच टोपण लावत आलो होतो, म्हणूनच बघायची गरज वाटली नाही.

पुढची चूक लगेच केली. बोट दाबून रक्त काढलं, वर स्पिरिट चोळलं. दोन्ही करायचं नसतं. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं, बस. मग फिजिशियन मित्राला फोन लावला. "हेपॅटायटिस बीची लस?" म्हटलं, कॉलेजात तीन डोस झालेत. "आणि टायटर?" मी गप्प. लस अंगी लागली की नाही, हे शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी तपासायचं असतं. मी कधी तपासलंच नव्हतं.

फॉर्मवर गृहस्थांनी ‘कोणताही आजार नाही’ असं लिहिलं होतं. खोटं नव्हतं ते. त्यांनाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या संमतीनं रक्त तपासलं. एचआयव्ही आणि सी निगेटिव्ह, बी पॉझिटिव्ह. माझं टायटर दहाच्या खाली. चोवीस तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन आणि लसीचा डोस, दोन्ही टोचून घेतलं. सहा महिन्यांनी रिपोर्ट निगेटिव्ह आला. ते सहा महिने कसे गेले ते बायकोला विचारा.

संरक्षण नसेल तर अशा सुईतून बी लागण्याची शक्यता शंभरात 6 ते 30; एचआयव्हीची हजारात साधारण 3. आपण घाबरतो मात्र उलट क्रमानं. तरी एचआयव्हीची शंका असेल तर सकाळची वाट पाहू नका. औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं, 72 तासांनंतर उपयोग नाही, आणि पुरे 28 दिवस घ्यायचं.

आता माझ्याकडे टोपण ट्रेवर आडवं असतं. एकाच हातानं, सुईच्या टोकानंच ते उचलायचं. दुसरा हात पाठीमागे. सुयांचा पांढरा, न भोसकला जाणारा डबा 2016च्या नियमांनुसार आमच्याकडेही होता, पण मागच्या खोलीत! तो खुर्चीशेजारी आला. एअरोटर अडकवण्याआधी बर काढतो, नाहीतर वळताना कोपराला ओरखडा ठरलेला.

 

खरी लाज पुढे आहे. त्या रात्री असिस्टंटला विचारलं, "तुझी लस झाली आहे ना?" अकरा वर्षं माझी हत्यारं तो धुतोय, तेही तपासणीच्या पातळ ग्लोव्हजमध्ये. "कौन सी लस, सर?"

शून्य, एक आणि सहा महिने, असे त्याचे तीनही डोस झाले. टायटर तपासलं. धुण्यासाठी जाड रबरी ग्लोव्हज आणले. तुमच्याकडच्या मुलाला, मावशींना उद्या दवाखाना उघडताच हाच प्रश्न विचारा.