गळ टाकण्यापूर्वी

(समुद्रकाठी वाढलेला एक शिक्षक नोकरीसाठी वाशिम जिल्ह्यात येतो. गोड्या पाण्यात मासे धरायला तो कसा शिकला आणि मासे धरता धरता आणखी काय शिकला, ते या पाठात त्याने सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, समजा, तुमच्या अब्बांची बदली झाली. ओळखीची गल्ली, ओळखीची शाळा आणि दोस्त मागे राहिले. नव्या गावात पहिला रविवार उजाडला. आता दिवस कसा घालवायचा? ज्याला गळ टाकण्याचा छंद आहे, तो पहिला प्रश्न विचारील, "येथे पाणी कोठे आहे?" काही वर्षांपूर्वी मीही हाच प्रश्न विचारला होता.

माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रकाठी गेले. मामूंबरोबर खडकावर बसून मी गळ टाकत असे. भरती-ओहोटीच्या वेळा आम्हांला शाळेच्या वेळापत्रकासारख्या पाठ होत्या. बी.एड. झाल्यावर मला वाशिम जिल्ह्यात नोकरी मिळाली. सामानात पुस्तकांबरोबर बांबूची एक काठी, तंगुसाचे रीळ आणि गळांची डबीही आली.

येथे आल्यावर मी नकाशा उघडला. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. तरी पाणी आहे. दक्षिणेकडून पैनगंगा वाहते. अडाण नदी तिलाच मिळते. ते पाणी पुढे गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाते. काटेपूर्णा मात्र उत्तरेकडे जाऊन पूर्णेला मिळते. तिचे पाणी तापीतून अरबी समुद्राला पोहोचते. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो! याशिवाय एकबुर्जी, सोनल आणि अडाण हे मध्यम प्रकल्प आहेत आणि गावोगावी लहान तलाव आहेत. मला वाटले, पाणी सापडले म्हणजे काम झाले.

जूनचा दुसरा आठवडा होता. पाऊस अजून आला नव्हता. रविवारी सकाळी मी काठी घेऊन गावाबाहेरच्या तलावावर गेलो. पाणी आटून मध्यभागी गेले होते. काठचा चिखल वरून वाळलेला दिसत होता. मी बेधडक पुढे गेलो. चार पावले टाकली आणि माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत गाळात रुतला. तो काढायला जोर लावला, तर डावाही रुतला.

"ओ मास्तर, हलू नका! जागचे हलू नका!"

बांधावरून एक म्हातारे गृहस्थ धावत आले. त्यांनी लांब बांबू माझ्याकडे सरकवला. "बांबू आडवा धरा. अंग त्याच्यावर टाका. पाय हळूहळू काढा." मी तसे केले. दहा मिनिटांनी मी काठावर होतो. चपला मात्र गाळातच राहिल्या.

ते भोई समाजातले होते. त्यांचे सारे आयुष्य याच तलावावर गेले होते. मला पाणी देऊन त्यांनी विचारले, "हे पाणी कोनाचं हाय, इचारलं काय कोनाला?"

"बाबा, तलाव सरकारचा असेल," मी म्हणालो.

"तलाव सरकारचा. पन मासे आमच्या सोसायटीचे. बीज आम्ही इकत आनून टाकलं."

मला फार शरम वाटली. समुद्रकाठी खडकावर बसून गळ टाकताना कोणाला विचारावे लागत नसे. येथे पाणी बांधलेले होते आणि त्यातल्या प्रत्येक माशामागे कोणाचा तरी पैसा आणि कष्ट होते.

मित्रांनो, ही गोष्ट नीट समजून घ्या. तलावात आपण जे रोहू, कटला आणि मृगळ पाहतो, ते मूळचे मोठ्या नद्यांचे मासे. ते पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. तलावाच्या साचलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. म्हणून तलावात दरवर्षी बीज सोडावे लागते. पूर्वी हे बीज नद्यांतून गोळा करीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांचे सहकारी डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी माशांना संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावण्यात यश मिळवले. त्यामुळे बीजकेंद्रांत बीज तयार होऊ लागले. म्हणूनच १० जुलै हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. मच्छीमार सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेते, बीज विकत आणते, राखण करते आणि मासे मोठे झाल्यावर विकते. त्यावर अनेक घरांच्या चुली पेटतात. आपण न विचारता गळ टाकला, तर ती गंमत राहत नाही, चोरी होते.

"मग मी गळ टाकूच नये का?" मी बाबांना विचारले.

ते हसले. "पावसाळा सरू द्या. मंग या. सोसायटीत इचारू."

म्हणजे चार महिने थांबायचे! पण त्या चार महिन्यांतच मी खरे शिकलो.

सर्वांत आधी मी आठवडी बाजारात जाऊ लागलो. नव्या मुलखातले मासे ओळखायचे असतील, तर आधी बाजारात जा. विकणाऱ्याला नाव विचारा. तोंडाकडे पाहा, कारण मासा कोठे खातो, ते त्याचे तोंड सांगते. कटल्याचे डोके मोठे आणि तोंड वर वळलेले असते. तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात असतो. मृगळाचे तोंड खाली वळलेले असते. तो तळाशी चरतो. मरळ लांबट असतो आणि त्याचे डोके सापासारखे दिसते. तो हवेतूनही श्वास घेतो, म्हणून पाण्याबाहेर बराच वेळ जिवंत राहतो. शिंगटीच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना टोकदार काटे असतात. ते हाताला लागले, तर फार ठणकते.

भाषेचीही गंमत झाली. एकदा आपल्या शाळेतल्या एका मुलाला मी दुकानातून गळ आणायला सांगितला. त्याने दुकानदाराकडे "मासे पकडायचा काटा" मागितला. उर्दूत गळाला काँटा म्हणतात ना! दुकानदार म्हणाला, "अरे, काटा तर माशाच्या पोटातच असतो, तो विकत कशाला घेतोस?" तेव्हापासून आमच्या वर्गात गळ हा शब्द कोणी विसरले नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी बाबांनी मला बोलावणे पाठवले. तलाव आता भरला होता. टेम्पोतून प्लॅस्टिकच्या फुगीर पिशव्या आल्या होत्या. प्रत्येक पिशवीत थोडे पाणी, वर प्राणवायू आणि आत बोटाएवढी शेकडो पिल्ले. त्यांना बोटुकली म्हणतात. मला वाटले, आता पिशव्या फोडून पिल्ले सोडतील. पण बाबांनी बंद पिशव्या तशाच पाण्यावर ठेवल्या.

"सोडत का नाही, बाबा?"

"नवं पानी हाय, मास्तर. एकदम सोडलं तर मरते. घडीभर तरंगू द्या."

पिशवीतल्या पाण्याची उष्णता आणि तलावातल्या पाण्याची उष्णता सारखी व्हावी लागते. मग पिशवीचे तोंड उघडून तलावाचे थोडे थोडे पाणी आत घेतात. शेवटी पिशवी तिरकी करतात आणि पिल्ले आपणहून बाहेर जातात. मी काठावर उभा राहून पाहत होतो. मीही या गावात नवा होतो. जूनमध्ये मी घाई केली होती. आता कळले, की मलाही घडीभर तरंगायला हवे होते.

दिवाळीनंतर बाबा मला संस्थेच्या सचिवांकडे घेऊन गेले. रविवारी एका गळाने, बांधाच्या एका ठरावीक बाजूला बसायची परवानगी मिळाली. त्याचे ठरलेले पैसे मी भरले. मोठा मासा लागला, तर तो संस्थेला द्यायचा, हे मी कबूल केले.

आता नव्याने गळ टाकणाऱ्याने काय करावे, ते ऐका. सामान साधे ठेवा. सात-आठ हात लांब, लवचीक बांबू पुरे. त्याच्या टोकाला काठीएवढाच तंगूस बांधा. लहान तोंडाचा गळ घ्या. गळाच्या वर चार बोटे अंतरावर शिशाची छोटी गोळी लावा. ज्वारीच्या ताटातल्या भेंडाचा तुकडा तंगुसाला बांधा. तो पाण्यावर तरंगतो आणि खाली मासा आमिषाला तोंड लावतो आहे, ते सांगतो. आमिष म्हणून कणकेची गोळी किंवा गांडूळ चालते. पहाटेनंतरची वेळ किंवा संध्याकाळ चांगली. पाण्यावर आपली सावली पडू देऊ नका. भेंड नुसते थरथरले, तर थांबा. ते सरळ खाली गेले किंवा एका बाजूला ओढले गेले, की मनगटाने हलका झटका द्या.

पहिल्या रविवारी मला काहीच मिळाले नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी भेंड बुडाले आणि तळहाताएवढी चिलापी वर आली. चिलापी मूळची आफ्रिकेतली. ती १९५२ साली भारतात आणली गेली. तिला बीज सोडावे लागत नाही, ती तलावातच भराभर वाढते आणि इतर माशांचे खाणे खाते. म्हणून संस्थेचे लोक नवशिक्याला म्हणतात, "चिलापी हवी तेवढी धरा." शिकण्यासाठी ती उत्तम.

कोणता मासा धरू नये, हेही शिका. पावसाळ्यात कधी कधी पाण्यावर तांबूस-नारिंगी पिल्लांचा झुबका फिरताना दिसतो. ती मरळाची पिल्ले. खाली त्यांचे आईबाप राखण करीत असतात. पिल्लांजवळ काही पडले, की ते चिडून धावतात. अशा वेळी त्यांना गळाला लावणे फार सोपे असते. पण आईबाप गेले, की इतर मासे त्या पिल्लांचा फडशा पाडतात. एका माशासाठी सारे घर बुडते. उन्हाळ्यात नदी आटते आणि मासे डोहात गोळा होतात. तो डोहही उपसू नये, कारण पुढच्या वर्षीच्या नदीचे बीज तेथेच असते. पाण्यात सुरुंग उडवणे किंवा विष कालवणे हा तर १८९७ सालच्या मत्स्य कायद्यानेच गुन्हा ठरवला होता.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. मासा पुन्हा मिळेल, जीव पुन्हा मिळत नाही. एकट्याने पाण्यावर जाऊ नका. घरी सांगून जा आणि मोठ्या माणसाबरोबर जा. आटलेल्या तलावाच्या गाळावर पाय देऊ नका. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या कडेला तर मुळीच जाऊ नका. ओले प्लॅस्टिक इतके निसरडे असते, की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. कोणी बुडत असेल, तर त्याच्यामागे उडी टाकू नका. ओरडून माणसे बोलवा आणि काठावरून बांबू, दोर किंवा ओढणी टाका. धरणाच्या दारांखाली उभे राहू नका. विजा चमकू लागल्या, की काठी खाली ठेवून पक्क्या घराकडे जा.

मराठीत एक म्हण आहे, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. उर्दूत आपण म्हणतो, दरिया में रह कर मगरमच्छ से बैर. नव्या गावी राहायचे, तर तेथल्या पाण्याशी आणि तेथल्या माणसांशी ओळख करून घ्यावी लागते. ती ओळख झाली, म्हणून तर जूनमध्ये ज्यांनी मला गाळातून काढले, ते बाबा आता रविवारी सकाळी माझ्या दारात उभे राहून हाक मारतात, "मास्तर, चाला, पानी निवळलं!"

शब्दार्थ
तंगूस – मासे धरण्याचा नायलॉनचा धागा
गाळ – पाण्याच्या तळाशी साचलेला मऊ चिखल
वीण – पिल्ले होणे, पैदास
ठेका – ठरावीक पैसे भरून मिळवलेला हक्क
आमिष – माशाला भुलवण्यासाठी गळाला लावलेले खाणे
भेंड – ताटाच्या आतला हलका, पांढरा गाभा
डोह – नदीतील खोल, साचलेले पाणी
फडशा पाडणे – खाऊन संपवणे
इचारणे, इकत, मंग (वऱ्हाडी बोली) – विचारणे, विकत, मग

स्वाध्याय
१. लेखकाचे पाय गाळात रुतले, तेव्हा बाबांनी त्याला कसे बाहेर काढले?
२. "तलाव सरकारचा. पन मासे आमच्या सोसायटीचे." या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
३. बोटुकलीच्या पिशव्या लगेच का उघडल्या नाहीत? ते पाहून लेखकाला स्वतःविषयी काय कळले?
४. कारण लिहा : पिल्लांची राखण करणारा मरळ धरू नये.
५. मासा, पाणी आणि गळ हे शब्द असलेले मराठी वाक्प्रचार किंवा म्हणी शोधा. त्यांच्या जोडीच्या उर्दू म्हणी वर्गात सांगा.
६. उपक्रम : मोठ्या माणसाबरोबर आठवडी बाजारात जा. पाच माशांची स्थानिक नावे विचारून वहीत लिहा व प्रत्येकाच्या तोंडाचे चित्र काढा.