बॅटरी बदलण्याआधी अल्टरनेटर तपासा



गटाची गाडी ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कुणाचा छोटा टेम्पो भाजी घेऊन बाजाराला जातो, कुणाची चारचाकी प्रवासी आणते-नेते. प्रवासी गाडी चालवून गटातल्या महिलेने कमवावं म्हणून सरकारने २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजनाही आणली. पण गाडी दारात उभी राहिली म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही. म्हणून या पाठात एक नेहमीचा बिघाड समजून घेऊ.

सकाळी गाडी चालू होत नाही. कुणीतरी सांगतं, "बॅटरी गेली." आपण नवी बॅटरी बसवतो, आणि चार दिवसांत तीही बसते! दोष बॅटरीत नसून तिला भरणाऱ्या यंत्रात असतो. त्या यंत्राचं नाव अल्टरनेटर. काही मिस्त्री त्याला डायनामोच म्हणतात.

अल्टरनेटर काय करतो?

तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरला की तारेत वीज तयार होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये हे तत्त्व दाखवलं. सायकलचा डायनामो याच तत्त्वावर चालतो, अल्टरनेटरही. इंजिन पट्ट्याने त्याला फिरवतं. त्यातून दिवे, हॉर्न चालतात आणि बॅटरी भरते. बॅटरी म्हणजे आपल्या गटाची पेटी समजा, आणि अल्टरनेटर म्हणजे दर महिन्याची बचत. बचत बंद पडली, तर पेटी कितीही मोठी आणा, रिकामी होणारच.

आधी तपासणी, मग खर्च

१. चावी फिरवा, इंजिन चालू करू नका. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे. इंजिन चालू झाल्यावर तो विझला पाहिजे. चालत्या गाडीत तो पेटला, तर बॅटरी भरत नाही असं समजा.

२. इंजिन बंद असताना पट्टा बघा. तुटलाय, चिरलाय, सैल झालाय का? पुष्कळ गाड्यांत हाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. पट्टा तुटला तर गाडी लगेच थांबवा, नाहीतर इंजिन तापून मोठा खर्च होईल.

३. बॅटरीची टोकं घट्ट आहेत का, पांढरी-हिरवी बुरशी आलीय का, फ्यूज उडालाय का, तेही बघा. असा दोष असेल तर नव्या अल्टरनेटरनेही काही होणार नाही.

४. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावा. रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी साधारण १२.४ ते १२.७ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर आकडा बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ पर्यंत चढतो. चढलाच नाही, तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडलाय.

चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून "गाडी चालते का बघू" असं कुणी म्हणालं, तर ठाम नाही म्हणा. त्याने चांगला अल्टरनेटर आणि गाडीचा कॉम्प्युटरही जळू शकतो.

घरी बदलायचा की नाही?

काही डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या मागेच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो आणि त्याला तेलाची नळी जोडलेली असते. तिथे हात घालू नका, ब्रेकचा प्रश्न आहे. गाडीखाली शिरावं लागत असेल किंवा गाडी वॉरंटीत असेल, तरी घरी नको. अल्टरनेटर वरून, समोर दिसत असेल, तर जाणकार व्यक्तीला सोबत घेऊन हे काम जमतं.

कामाचा क्रम

१. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन थंड. चावी काढून स्वतःजवळ ठेवा. पदर-ओढणी खोचा, वेणी बांधा. अंगठी आणि धातूच्या बांगड्या काढा, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घ्या. धातू बॅटरीच्या दोन टोकांत अडकला तर क्षणात लाल होतो.

२. बॅटरीची वजा (−) तार सगळ्यात आधी सोडा. अल्टरनेटरच्या जाड तारेत इंजिन बंद असतानाही वीज असते. पाना तिथून बॉडीला लागला तर ठिणगी उडते.

३. पट्टा आणि तारांचे मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा.

४. लहान प्लगचा खटका दाबून तो काढा, मग जाड तारेचा नट सोडा.

५. ताण देणारा बोल्ट सैल करून अल्टरनेटर इंजिनकडे ढकला, पट्टा उतरतो. काही गाड्यांत स्प्रिंगचा टेन्शनर असतो, तो पान्याने फिरवावा लागतो.

६. मुख्य बोल्ट काढताना खालून हाताचा आधार द्या. वस्तू जड असते.

७. नवा अल्टरनेटर जुन्याशेजारी ठेवून जुळवा: बोल्टची भोकं, पुलीच्या खाचा, प्लग, लेबलवरचे व्होल्ट आणि अँपिअर.

८. उलट क्रमाने बसवा. साध्या पट्ट्यावर मधोमध अंगठा दाबला तर तो साधारण अर्धा इंच दबावा. सैल पट्टा घसरून किंचाळतो, फार ताणलेला बेअरिंग खातो. वजा तार सगळ्यात शेवटी जोडा.

९. इंजिन चालू करून पुन्हा मीटर लावा. आकडा चढला, दिवा विझला, तरच काम झालं.

पैशाचं काय?

प्रत्येक वेळी नवा अल्टरनेटर लागतोच असं नाही. कार्बन ब्रश, बेअरिंग किंवा रेग्युलेटर एवढंच बदलूनही तो चालू होतो. ऑटो इलेक्ट्रिशियनला "यातलं नेमकं काय गेलंय?" असं विचारा. दुरुस्ती, दुरुस्त केलेला जुना आणि नवा, तिन्हींचे भाव दोन-तीन ठिकाणी घ्या. पावती घ्या, हमी किती महिन्यांची ते तिच्यावर लिहून घ्या, आणि काढलेला भाग ताब्यात मागा.

पुढच्या बैठकीत करून बघा

ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी ती बैठकीच्या जागी आणावी. प्रत्येकीने इंजिन बंद आणि चालू असताना मीटर लावून दोन्ही आकडे गाडीच्या नोंदवहीत तारखेसह लिहावेत. दर महिन्याला हे केलं, तर आकडा घसरताना वहीतच दिसेल. रात्री प्रवासी घेऊन घाटात अडकण्याआधी गाडी दुरुस्तीला नेता येईल.